कागदावर बुडालेली नाव

“रड की गं,” भावजी म्हणाले. “फोटोवाला थांबलाय.”

मी पदर पुढं ओढला, तोंड वाकडं केलं, पण डोळ्यांत टिपूस येईना. शेजारी माझी जाऊ, भावजींची बायको, डोहाकडं हात करून असा गळा काढत होती की बघणाऱ्याला वाटावं हिचा बापच बुडालाय. मधूनच ती पदराआडनं मला कोपरानं ढोसायची. “रड गं भवाने. मी एकटीनं किती रडायचं?”

ते ऐकून मला हसू फुटलं. आवरता आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी खांदे गदागदा हलायला लागले.

“असू दे, असू दे,” भावजी फोटोवाल्याला म्हणाले. “तोंड झाकलंय ते बरं दिसतंय. घ्या.”

तालुक्याच्या पेपरात तो फोटो आला. खाली छापलं होतं, ‘वादळात नाव बुडाली, भोई कुटुंबावर आकाश कोसळले.’ मी हसतेय आणि वाचणाऱ्यांना वाटतंय हुंदके. भावजींनी ते कात्रण काच घालून भिंतीला लावलं, देवांच्या ओळीत.

आता खरं सांगायचं तर नाव बुडाली नव्हती. नाव आम्हीच बुडवली होती. दर साल बुडवायचो.

आमची कुरणवाडी कृष्णेच्या या अंगाला, आणि बाजार, दवाखाना, एसटी सगळं पलीकडं. मधे फरशीचा बुटका पूल. उन्हाळ्यात त्याच्यावरनं बैलगाडीपासनं जीपपर्यंत सगळं जायचं. पावसाळा लागला की फरशी पाण्याखाली, ती दिवाळीच्या आसपास तोंड दाखवायची. तेवढे महिने गाव आमच्या नावेत बसायचं आणि सुगीला घरटी धान्य घालायचं. त्या धान्यावर आमचं पोट.

उन्हाळ्यात नावेला काम नाही. आणि लाकडाची नाव रिकामी उन्हात ठेवली तर फळ्या वाळतात, सांधे उघडतात, मग ती नाव राहत नाही, चाळण होते. म्हणून चैत सरला की तिला फरशीच्या वरच्या डोहात न्यायची, धोंड्यांनी भरायची आणि गारव्याला तळाशी बसवायची. मिरगाच्या आधी धोंडी काढून वर घ्यायची. सावलीत सुकवायची, फटींमधे राळ लावलेले सुताचे पीळ ठोकायचे, करंजीचं तेल पाजायचं. बाळंतिणीचं कुणी केलं नसंल एवढं आमच्यात नावेचं करायचे.

म्हणजे करायचे ते आमचे हे. ह्यांचं नाव मी घेत नाही. गाव बाळकू म्हणायचं, तुम्हीही म्हणा. सासरे गेले तेव्हा नाव थोरल्याच्या नावावर लागली, कारण तो थोरला. आणि राबायला धाकटा, कारण तो धाकटा. भावजींनी वल्ह्याला हात लावलेला मी कधी बघितला नाही. पण सुगीला पोतं घेऊन घरोघर पहिले तेच. पुढारी आला की “आम्ही नाववाले” म्हणून पुढं तेच. आणि कधी बिनसलं, भाकरी करपली तरी, त्यांचं एकच ठरलेलं, “नाव माझी हाय. उद्या विकून टाकली तर काय कराल दोघं?” एवढं म्हटलं की आमच्या ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लग्न होऊन आल्यापासनं मी ते वाक्य ऐकत होते. डोळ्यांत मिरच्या परवडल्या पण ते वाक्य नको.

तर त्या साली वैशाखात वळवाचं वादळ झालं. पत्रे उडाले, झाडं पडली. सरकारनं भरपाई जाहीर केली. कशाकशाला मिळणार त्यात पत्रे होते, जनावरं होती, आणि कुणाच्या सुपीक डोक्यातनं काय माहीत, नावाही होत्या. भावजी चावडीवरनं आले ते पानाचा तोबरा सांभाळत, खुशीत.

“बाळकू, आपली नाव बुडालीय.”

हे जेवत होते ते उठलेच. “कधी? सकाळी पाण्यात पाय घालून बघून आलो मी. हाय की जागेवर.”

“जागेवर म्हंजे कुठं?”

“तळाला.”

“तळाला असल्याली नाव बुडाल्याली असती का तरंगल्याली?”

“पर दादा, ती आपण बुडवलीय. बुडाली न्हाई.”

“अरं खुळ्या,” भावजी मायेनं म्हणाले, “पंचनाम्यात बुडाली आन् बुडवली एकच असतं.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं. थोरल्या दिरापुढं तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती, आणि मी अजून रीत पाळत होते.

पंचनाम्याचे साहेब जीपमधनं आले. बरोबर तलाठी, जतकडचा. त्यानं उभ्या जन्मात टँकरशिवाय पाणी बघितलं नव्हतं, डोहापासनं चार हात लांबच उभा राहिला. साहेबांनी मात्र वाकून बघितलं. पाणी निवळ होतं, खाली नाव दिसत होती, आणि नावेत धोंडी. नुसत्या धोंडी नाहीत, आमच्या ह्यांच्या हातानं रचलेल्या. जड मधे, हलक्या कडेला, एकीवर एक नीट.

“एवढे दगड कसे हो आले आत?”

“वादळ, साहेब,” भावजी म्हणाले.

“वादळानं दगड रचले?”

“लई मोठं वादळ झालं, साहेब.”

साहेब तलाठ्याकडं बघायला लागले. तलाठी म्हणाला, “आमच्याकडं वादळात पत्रे उडतात, साहेब. इथं नदीकाठ आहे. दगड उडत असतील.”

साहेबांना ऊन व्हायच्या आत घर गाठायचं होतं. त्यांनी पंच बोलवा म्हटलं. दोन पंच तयारच होते. एक किराणा दुकानवाला मेंढेगिरी, त्याला उडालेल्या पत्र्यांची भरपाई पाहिजे होती आणि त्याचं घर कौलारू. दुसरा बापू मगदूम, त्याची म्हैस वादळात मेली होती. ती मेलेली म्हैस मी त्याच सकाळी तिच्या गोठ्यात रवंथ करताना बघितली होती. दोघांनी नाव वादळातच बुडाल्याचं छातीठोक सांगितलं, सह्या केल्या आणि वर एक उसासा पण टाकला, फुकटात.

पेपरात फोटो आल्यावर खरी गंमत सुरू झाली. पाहुणे यायला लागले. आमची चुलत सासू एसटीतनं उतरली ती फरशीवरनं चालत चालतच ओरडत आली, “कुठं गेलीस गं माझ्या बाय, आम्हाला टाकून!” मला वाटलं हिच्या घरात कोण गेलं. तर बाई आमच्या दारात येऊन माझ्या गळ्यात पडली. बरोबर धडुत्यात भाकऱ्या आणि बेसन. दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून.

“लेकीसारखी होती गं,” ती म्हणाली. “तुझ्या सासऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधल्याली. शेवटचं तोंड तरी दिसलं का?”

जाऊबाईनं लगेच सूर धरला. तिला आता सराव झाला होता. मामेसासरे आले, आतेसासूबाई आल्या, सोयरे आले. भावजी ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसायचे, आल्यागेल्याला हात जोडायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, “दहावा कधी धरलाय?”

“चेक आल्यावर,” भावजी म्हणाले, आणि म्हातारा समजल्यासारखी मान हलवून गेला.

चार दिवस आम्ही लोकांच्या भाकऱ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी बघते तर आमचे हे गोठ्यात बसून खरेखुरे रडतायत.

“अहो, तुम्हाला काय झालं? नाव हाय की डोहात!”

“हौसे,” डोळे पुसत म्हणाले, “इतकी माणसं लांबनं येऊन सांगत्यात, म्हंजे काय तरी असंल.”

असा माझा नवरा. नदीत भोवऱ्याला न घाबरणारा, आणि घरात थोरल्या भावानं अंधार म्हटला तर दिवसाढवळ्या कंदील लावणारा.

मिरग जवळ आला. वर घाटाकडं आभाळ भरायला लागलं. नाव आता वर नाही घेतली तर सुकवायला दिवस मिळणार नव्हते, आणि नवं पाणी आलं म्हणजे धोंड्यांसकट गाळात गडप झाली असती. मी ह्यांना ढकलत ढकलत भावजींपुढं उभं केलं आणि स्वतः दाराआड थांबले.

“दादा, नाव काढाय पायजे.”

“चेक मिळस्तवर नाव वर यायची न्हाई,” भावजी म्हणाले. “साहेब परत पाहणीला आले आन् नाव तरंगताना दिसली तर? तुरुंगात कोण जाईल, तू का मी?”

“पर दादा, नवं पाणी आलं तर ती खरीच जाईल.”

“गेली तर गेली. चेक आला की फायबरची घेऊ. तिला ना तेल पायजे, ना राळ.”

“कधी घ्यायची?”

“बघू की पुढं. आधी ओसरीवर स्लॅब टाकू म्हणतोय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाराआडनंच बोलले, पहिल्यांदा. “आन् तोवर आम्ही काय खायाचं, भावजी? स्लॅब?”

भावजींनी माझ्याकडं न बघता ह्यांना सांगितलं, “बाळकू, तुझ्या बायकोला सांग, बुडाल्या नावेची माणसं एवढं बोलत नसत्यात.”

दुसऱ्या दिवशी भावजी चेकच्या मागं तालुक्याला गेले, मेव्हण्याकडं मुक्कामाला. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसेनाशी झाली आणि मी घरातल्या सगळ्या वाकळा गोळा केल्या.

मिरगाआधी वाकळा धुवायला गावातल्या सगळ्या बाया डोहावर जमतातच, त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. मी पाण्यात उतरले. नावेचा काठ पायाला लागला. खाली हात घालून एक धोंड काढली आणि काठावर टाकली.

“काय करतीस गं?” मगदुमाची सून म्हणाली.

“वाकळा वाळत घातल्या की वाऱ्यानं उडत्यात. वर ठिवाय धोंडी नकोत?”

तिनं माझ्याकडं बघितलं, डोहात बघितलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं खाली काय आहे ते. सासऱ्याच्या मेलेल्या म्हशीचं दूध ती रोज काढत होती, तिला समजायला काय वेळ लागतोय. तिनं काष्टा खोचला आणि उतरली. मग दुसरी उतरली, तिसरी उतरली. कुरणवाडीत वाकळा नव्हत्या एवढ्या धोंडी वर आल्या.

जाऊबाई काठावर आमच्याकडं पाठ करून बसली होती. “मी कायबी बघितलं न्हाई,” ती ओरडून सांगत होती, “इचारलं तर मी शपथ घेईन.” आणि पाठ तशीच ठेवून, मागं हात करून, दोर धरायला लागली. मग हळूच म्हणाली, “वर काढ बाई एकदाची. न्हाईतर वर्षभर रडाय लावतील मला.”

आमचे हे वडाखाली उभे. “हौसे, दादानं सांगितलंय...”

“तुम्ही तिकडं तोंड करून उभं ऱ्हावा.”

उभे राहिले! मुकाट्यानं वडाकडं तोंड करून. आम्ही बाया दोर ओढतोय, घागरींनी पाणी उपसतोय, नाव एकीकडं कलतेय, एकीकडं चिखलात रुततेय, आणि हा बाप्या झाडाची साल बघतोय. मग नाळेचं, म्हणजे नावेच्या तोंडाचं, टोक पाण्याबाहेर आलं आणि आतलं पाणी एकदम खळाळून बाहेर पडलं. तो आवाज त्यांच्या कानावर गेला. माणूस गर्रकन वळला आणि अंगावरच्या कपड्यानिशी डोहात उडी टाकली. “अगं तशी न्हाई, तशी न्हाई! कंबर मोडंल तिची! खालनं उचला, खालनं!”

नाव वर आली. काळी, शेवाळलेली, अंगाला गोगलगाई चिकटलेल्या. ह्यांनी तिच्या पोटावरनं हात फिरवला. पेपरातल्या फोटोसाठी जे आलं नाही ते पाणी डोळ्यांतनं तेव्हा आलं, आणि फोटो काढायला कुणी नव्हतं.

आमराईत तिला पालथी घातली. सुकली, पीळ ठोकले, राळ झाली, तेल निम्मं झालं, आणि भावजी आले. आधी नुसते बघत राहिले. मग ओरडले, “बुडव! आत्ताच्या आत्ता बुडव तिला! परवा साहेब चेक घेऊन येणार हाय!”

आमच्या ह्यांनी कुणाकडं न बघता चार गडी बोलावून नाव उताणी केली, डोहाकडं नेली आणि एक धोंड उचलली. खरंच उचलली. मी धावत जाऊन नावेत बसले, मांडी घालून.

“ऊठ,” भावजी म्हणाले.

“मला घिऊन बुडवा.”

“हौसा, ऊठ म्हणतो मी.”

“आधी तलाठ्याला इचारून या, बाई बुडाल्याची भरपाई मिळती का. मिळत असली तर माझी ना न्हाई.”

ह्यांच्या हातात धोंड तशीच. भावाकडं बघतायत, माझ्याकडं बघतायत. शेवटी त्यांनी ती धोंड खाली ठेवली, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. आमच्या घरात तेवढंही बंडच होतं.

भावजींनी आवाज खाली आणला. “बरं, बुडवू नका. झाका.” मग नाव परसात आणून पालथी घातली, वर पाचट टाकलं, पाचटावर शेणी रचल्या, आणि बाहेरनं शेणानं लिंपून घेतलं. आमच्याकडं शेणी अशाच लिंपून ठेवतात, हुडवा म्हणतात त्याला. भावजींनी चार बाजूंनी फिरून बघितलं. “हां. आता नाव दिसत न्हाई.” हुडव्याच्या एका टोकानं नाळ बाहेर आली होती, तिच्यावर जाऊबाईनं गोधडी वाळत घातली.

आणि चेकच्या आदल्या दिवशी घाटावर पाऊस कोसळला. सकाळी उठून बघतो तर नदी दुथडी तांबडी, आणि फरशी गायब.

भावजींनी देवळापुढं खुर्च्या मांडलेल्या. हार आणलेले, नारळ आणलेला, स्वतः परीटघडीचं धोतर नेसलेले. इतक्यात पलीकडच्या काठावर जीप थांबली आणि हॉर्न वाजायला लागला. साहेब खाली उतरून हात करत होते. तलाठी जीपमधेच बसून होता.

अख्खं गाव काठावर आलं. कुणी तरी हाळी दिली, “ए बाळकू, नाव आण की!”

“नाव बुडालीय!” भावजी ओरडले.

“बुडालीय, बुडालीय,” मेंढेगिरी म्हणाला. “आम्ही पंच हाय की.” पण तोंड त्याचंही उतरलं होतं. त्याच्या पत्र्यांचा चेक त्याच जीपमधे होता. मगदुमाच्या म्हशीचाही.

पलीकडं साहेबांनी घड्याळ बघितलं. जीपकडं वळले. भावजींचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं. नाव काढली तर चोरी उघडी पडतेय, नाही काढली तर चेक परत चाललाय. एकदा नदीकडं बघायचे, एकदा परसाकडं. घाम धोतरापर्यंत आला. साहेबांनी जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि भावजींनी माझ्या नवऱ्याचा दंड धरला.

“काढ.”

“काय?”

“नाव काढ, लेका! साहेब काय तिला वळखतोय? पाण्याखाली बघितलीय त्यानं. परक्याची म्हणून सांगतो मी. काढ!”

मग काय विचारता! सगळं गाव हुडव्यावर तुटून पडलं. शेणी उडाल्या, पाचट उडालं, देवळापुढच्या खुर्च्यांवर शेणाचा सडा पडला. नाव काठावर नेली. त्या पाण्यात एकट्याचं काम नव्हतं, एक वल्ह्यावर आणि एक सुकाणूवर पाहिजेच. दुसरं माणूस मी. दर पावसाळ्यात मीच असायचे, फक्त सुगीला धान्य मागताना माझं नाव कुणी घेत नसे.

पलीकडं गेलो, दोघांना बसवलं. तलाठ्यानं फळी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून कसलं तरी स्तोत्र सुरू केलं. साहेब मात्र खुशीत होते. नाव नव्या पाण्यावर नीट चालली होती, आत थेंब नाही.

“वा,” साहेब फळीवर थाप मारून म्हणाले, “झकास आहे हो नाव. कुणाची?”

आमचे हे वल्ह्यावर आणखी वाकले. साहेब माझ्याकडं बघायला लागले. मला समोर काठावर भावजी दिसत होते, हातात हार घेऊन उभे, पाठीमागं सगळं गाव. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढ्या वर्षांत पडला नव्हता एवढा.

“पलीकडं आमचे भावजी हाईत,” मी म्हटलं. “त्यांनाच इचारा साहेब. नावेचं समदं तेच सांगत्यात.”

नाव काठाला लागली. भावजींनी साहेबांना हार घातला. साहेब म्हणाले, “तुमची नाव गेली हे वाईटच झालं. पण आता ज्या नावेतनं आलो ती कुणाची? तिची नोंद नाही कुठं आमच्याकडं.”

“ही व्हय?” भावजी हसले. “ही आपली... पाहुण्यांची हाय साहेब. मागून आणलीय.”

“कोण पाहुणे? गाव कुठलं?” साहेबांनी तलाठ्याकडं हात केला. “लिहून घ्या. पुरात कामाला येईल.”

भावजी अडकले. कुठलं तरी गाव सांगावं तर पुढं चौकशी. मेंढेगिरी आभाळाकडं बघायला लागला. मगदूम स्वतःच्या वहाणा बघायला लागला. मी पदर सारखा केला आणि नावेतनं खाली उतरले.

“पाहुणे म्हंजे माझे वडील, साहेब,” मी म्हटलं. “भावजींना सांगाय लाज वाटती. ही नाव माझ्या माहेरची हाय. लग्नात आंदण दिल्याली मला.”

माझा बाप कुरुंदवाडला हमाली करायचा. लग्नात त्यानं मला एक तांब्या आणि दोन पातेली दिली होती, त्यातलं एक चेपलेलं.

“आंदण?” साहेब म्हणाले. “नाव?”

“आम्ही भोई लोक, साहेब. लेकीला नाव न देऊन कसं चालंल?” मग भावजींकडं वळले. थोरल्या दिराच्या डोळ्याला डोळा त्या दिवशी पहिल्यांदा लावला. “व्हय का न्हाई, भावजी? साहेबांना सांगा की. का ही तुमचीच म्हणायची?”

माझी म्हणावं तर बुडाली कोणती? भावजींनी एकदा साहेबांच्या हातातल्या पाकिटाकडं बघितलं, मग नावेकडं.

“व्हय,” म्हणाले.

“काय ते नीट बोला हो,” तलाठी वहीवर पेन धरून म्हणाला. काठाला लागल्यापासनं त्याला कंठ फुटला होता.

“नाव हौसाची हाय. तिच्या माहेरची. आंदण.”

“तुमचा तिच्यावर हक्क नाही?”

“माझा...” भावजींनी धोतराचा सोगा सावरला. “माझा कसा असंल, साहेब? आंदणावर सासरच्यांचा हक्क नसतो.”

“पंच?”

पंचांनी मुंड्या हलवल्या. न हलवून सांगतात कुणाला! मगदुमाची सून तर मागनं मोठ्यांदा म्हणाली, “आम्ही वरातीत बघितलीय की नाव! हिच्या मागनंच आली!” बाया तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. फोटोवाला असता तर त्यानं लिहिलं असतं, गाव शोकसागरात.

आणि मग माझ्या नवऱ्यानं वल्हं खाली ठेवलं. मला वाटलं आता हा भावाच्या पाया पडतो आणि सगळं घालवतो. पण साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, “खरं हाय साहेब. सासुरवाडीचीच हाय. मी नुस्ता वल्ही मारतो.” जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला तो, आणि इतकं सुंदर बोलला की मला जवळ जाऊन दृष्ट काढावीशी वाटली.

भावजींनी चेक घेतला. नारळ फोडायचा राहूनच गेला.

त्या पैशांतनं स्लॅब झाला नाही. फायबरची नाव तर नाहीच नाही. भावजींनी फटफटी घेतली, लाल रंगाची, जुनी. उन्हाळाभर फरशीवरनं ऐटीत फिरवली. पुढं पावसाळा आला, फरशी गेली, आणि एका बाजारच्या सकाळी फटफटी हातानं ढकलत भावजी काठावर आले. मी सुकाणूवर होते. नावेत माणसं बसली होती, जागा भरपूर होती. भावजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, टोपी सारखी केली.

“येऊ का?” त्यांनी विचारलं.

ते वारले तोपर्यंत दर पावसाळ्यात विचारायचे. नाही मी त्यांना कधीच म्हटलं नाही. फक्त हो लगेच म्हणत नव्हते.